राशीतला बोंबील

त्या वर्षी ज्वारी उपटायला बाया मिळेनात. दिवस उगवायच्या आत पांढरी गाडी गावात यायची आणि तरण्या बायांना सोलापूरच्या कपड्याच्या कारखान्यात शिलाईला घेऊन जायची. मागं राहिल्या म्हाताऱ्या, त्यांच्या कंबरा आधीच धरलेल्या. शेवटी आमचं रान उपटायला आम्ही दोघीच उरलो, मी आणि अत्ती. अत्ती म्हणजे माझी सासू, दाक्षायणी. अक्कलकोटच्या अलीकडच्या आमच्या घरांमधून कानडी आणि मराठी एकाच चुलीवर शिजते, आणि सासूला अत्तीच म्हणतात. नवरा राजशेखर सोलापुरात, नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानात. तो रविवारी यायचा, तेव्हा पेंढ्या बांधून व्हायच्या.

ताट बुडाशी धरायचं, गुडघ्याचा रेटा देऊन उपटायचं, टाचेवर आपटून ढेकूळ झाडायचं आणि आडवं टाकायचं. काळ्या रानाला भेगा पडलेल्या. त्यात पाय गेला की घोटा मुरगळायचा. तळहाताला धडपं गुंडाळलं तरी फोड यायचे, आणि त्याच हातांनी मी सकाळी शाळेत खडू धरायची.

गावच्या हायस्कूलातल्या विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या. मी बीएस्सी झालेली, गावातच, म्हणून हेडसरांनी मला तासिकेवर बोलावलं. सकाळची शाळा. सुटली की तिथून थेट रानात. मधल्या वेळात माझ्या लेकीला अत्ती बघायची. भुवनेश्वरी दीड वर्षाची. आम्ही तिला भुवी म्हणतो. गेल्या उन्हाळ्यात तापात तिला झटका आला. डोळे वर गेले, ओठ निळे पडले, आणि मी नुसती बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लेकरांना होतं असं, मोठी झाली की जाईल. तेव्हापासून ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरते. श्वास बोटाला लागला की माझा श्वास सुटतो. तापाच्या औषधाची बाटली आणि एक फडकं पिशवीत घालून मी तिच्याजवळ ठेवते, कुठंही गेलं तरी. तिला दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं मला जमत नाही, अत्तीशिवाय. त्या दिवशी झटका आल्यावर भुवीला माझ्या हातातून घेऊन कुशीवर वळवणारी अत्तीच होती.

म्हणजे अत्ती होती म्हणून शाळा होती. तिनं नाही म्हटलं की शाळा संपली, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

सातवीला समुद्राचा धडा आला. मी फळ्यावर निळ्या खडूनं पाणी काढलं. वर सूर्य. पाण्यात ठिपके ठिपके, ते प्लवक. डोळ्यांना न दिसणारी हिरवी वनस्पती, पाण्यावर तरंगणारी. तिला खाणारा जवळा, जवळ्याला खाणारा मासा, त्याला खाणारा मोठा मासा. सगळीकडून बाण काढले. कोण कुणाच्या पोटात जातं ते बाणांनी दाखवलं. पोरं फळा उतरवून घेत होती आणि मला दिसत होतं की कुणाच्याच डोळ्यांत पाणी नाही, मासा नाही, काही नाही. आमच्या ओढ्याला पाणी असतं पावसाळ्यात. विहिरीचा तळ दिसतो होळीच्या आधीच.

सोमेशनं हात वर केला. "बाई, तुमी बगितलाय का समुद्र?"

मी नाही म्हणाले. कॉलेजची सहल रत्नागिरीला गेली होती, वडिलांनी सोडलं नव्हतं. ते मी सांगितलं नाही.

"मग तुमाला कसं ठाऊक, हे समदं खरं हाय म्हणून?"

पोरं हसली. सोमेशच्या विचारण्यात खोट काही नव्हती, त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. पण माझं ज्ञानही त्याच्यासारखंच पुस्तकातून फळ्यावर आणि फळ्यावरून वहीत गेलेलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरची वैजयंती बोलली. एरवी ती तोंड उघडत नाही. "बाई, जवळा म्हंजे सुकटच की. आईनं कालच भाजलंय."

अर्धा वर्ग मोठ्यानं हसला, उरलेल्या अर्ध्यानं नाकाला हात लावला. आमच्या लिंगायत घरांमधली पोरं ती. सोमेश तर "ई" म्हणून बाकावरून सरकला, जणू वास त्याच क्षणी आला. वैजयंती खाली बसली. तिनं दप्तर मांडीवर ओढलं आणि तास संपेपर्यंत मान वर केली नाही. एवढ्या वर्गात समुद्रातलं काही हातात धरलेली ती एकटी होती, आणि तिचीच मान खाली गेली होती. ते मला रानातसुद्धा आठवत राहिलं, ताटं आपटताना.

बाजाराच्या दिवशी मी भाजीवाल्यांची ओळ ओलांडून टोकाला गेले. तिथं लिंबाखाली बजाबाई सुकी मासळी घेऊन बसते, वारं पलीकडं जाईल अशा बेतानं. आजपर्यंत तिथून जाताना मी पदर नाकाला लावून पावलं उचलत होते. त्या दिवशी थांबले. बजाबाईनं माझ्या कपाळावरच्या विभूतीकडं बघितलं, मग माझ्या पिशवीकडं.

"वाट चुकलीस व्हय, बाई? कोथिंबीर तकडं."

मला सुकट पाहिजे म्हणाले. आणि बोंबील. शाळेसाठी. ती इतकी हसली की शेजारचा लसूणवाला बघायला लागला. म्हणाली, आता तुमा लिंगायतांच्या घरात बी मटन शिजंल, आन आमी मातर खिचडी खाऊ. पण देताना तिनं निवडून दिलं. जवळ्याची मूठ पुडीत बांधली आणि बोंबलाची एक जोडी वरून ठेवली. बोंबील वाळत घालताना एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून दोरीवर टांगतात. ते तसेच अडकलेले होते, तोंडात तोंड, सुईसारखे दात एकमेकांत रुतलेले. मी ते दात बघत उभी राहिले. कुठल्या पाण्यात होतं हे तोंड, कशाच्या मागं धावत होतं, आणि आता लिंबाखाली सोलापूर जिल्ह्यात.

"नुसतं बगून पोट भरत न्हाय," बजाबाई म्हणाली. "घे आन जा, तुजी सासू यील."

आता ही पुडी ठेवायची कुठं? घरात देवघर, अत्तीचं इष्टलिंग, तिथं नाव नको. गोठ्यात गाय बुजेल. शाळेला दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी विचार केला, खळ्यावर वारं असतं, वास वाऱ्यावर जाईल. मोडलेल्या कणसांची रास तिथं ताडपत्रीखाली होती, मळणीचं यंत्र येण्याची वाट बघत. राशीच्या कडेला कणसांखाली मी पुडी खुपसली. आमच्या घरात कधी मासळी आलीच नव्हती, त्यामुळं मांजर माझ्या ध्यानातच आलं नाही.

रास आमच्याकडं देवासारखी. पूजा होईपर्यंत तिच्याजवळ कुणी चप्पल घालून जात नाही, मोठ्यानं बोलत नाही. पहिल्या पायलीची भाकरी सिद्धेश्वराला.

सुट्टीनंतरच्या सकाळी मी वेणी घालत होते. अत्ती खळ्यावरून आली. हातातला तांब्या तिनं जागेवर ठेवला. "बा," म्हणाली. एवढंच, ये म्हणून. मी तिच्या मागं गेले.

ताडपत्री एका बाजूनं ओढली गेली होती. राशीच्या माथ्यावर गावचं बोकं पाय चाटत बसलं होतं. एक बोंबील त्यानं अर्धा संपवला होता. दुसरा कणसांवर आडवा, जबडा उघडा. आणि जवळा सगळीकडं. कणसाकणसांत, दाण्यांच्या फटींत, गुलाबी बारीक काटेरी, सांडलेल्या कुंकवासारखा.

"कुणी आणलं?"

"मी. शाळेसाठी."

"शाळंसाटी," ती म्हणाली. "राशीत."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं बोक्याला हाकललं, पायातली नसलेली चप्पल काढल्यासारखे पाय झटकले आणि मला उचल म्हणाली. मी गुडघ्यावर बसून कणसांतून एकेक जवळा वेचला. बोटांना फोड, त्यात मिठाची चुणचुण. शेजारच्या रानातले ज्ञानबा बैलं घेऊन बांधावरून चालले होते. ते थांबले, बघितलं आणि पुढं गेले. संध्याकाळपर्यंत गावात होणार, हे मला कळलं, अत्तीलाही कळलं. ती वळून उभी राहिली होती. तिची पाठ मला दिसत होती, लुगड्यावरचा घामाचा डाग मोठा होत चाललेला.

वेचून झालं तेव्हा तिनं भुवीला आणून माझ्या कडेवर दिलं. "आजपासनं लेकरू तूच बग. सांगून यी जा त्यास्नी."

पुडी आणि भुवी, दोन्ही घेऊन मी शाळेत गेले. हेडसरांना सांगितलं, मला आता जमायचं नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. पुडीचा वास त्यांच्यापर्यंत आला असावा. एवढंच म्हणाले की धडा अर्धा सोडू नका, आजच्या आज संपवा आणि मग जा.

वर्गात भुवीला टेबलावर बसवलं. पोरं आधी तिच्याकडं बघून हसली, मग वास आला आणि नाकं धरली. मी वैजयंतीला पुढं बोलावलं. ती यायला तयार नव्हती. मी म्हणाले, मला ह्यातलं काही येत नाही, हात लावायला शिकव. तेव्हा आली. पोषण आहाराच्या खोलीतून पातेलं आणि बशी आणली, पातेल्यात पाणी घेतलं आणि बोंबील बुडवला. तोवर जवळा कागदावर पसरला आणि शाळेतलं एकुलतं भिंग हातोहात फिरवलं. भिंगातून डोळे दिसतात जवळ्याचे. मोहरीच्या टोकाएवढे, काळे, प्रत्येकाला दोन. मिशा अंगापेक्षा लांब. सोमेशनं एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं भिंग धरलं आणि बराच वेळ परत देईना.

बोंबील मऊ झाला. काठी होती, तिचा मासा झाला. वैजयंतीनं ब्लेडनं त्याचं पोट हळूच उकललं. आतून तपकिरी गोळा निघाला, चिकट. मला वाटलं, घाण असेल. तिनं तो गोळा बशीतल्या पाण्यात टाकला आणि बोटानं हलवला.

गोळा सुटत गेला. आधी एक मिशी वर आली. मग दुसरी. मग एक वाकडं गुलाबी अंग आणि दोन काळे डोळे.

"बाई," वैजयंती हळू आवाजात म्हणाली, "ह्येच्या पोटात जवळा हाय."

एक नव्हता. पाणी ढवळलं तसे आणखी सुटले, कुणी अख्खे, कुणी नुसते डोळे. मागच्या बाकांवरची पोरं बाकावर चढली होती. सोमेशचा नाकावरचा हात कधी खाली आला ते त्यालाही कळलं नसावं. मी जो बाण फळ्यावर खडूनं काढला होता, तो इथं बशीत पडला होता. कुठल्या तरी दिवशी, कुठल्या तरी किनाऱ्यापासून लांब, हे तोंड उघडलं होतं आणि हा थवा त्यात गेला होता. पचायच्या आधीच जाळं आलं. मग ऊन, दोरी, ट्रक, लिंबाखालची बजाबाई, आमची रास. तो घास अजून तसाच होता. समुद्राचा एक क्षण मोडका-तोडका आमच्या वर्गात पोचला होता.

"मग खरंच हाय की," सोमेश म्हणाला.

मी बशीतला जवळा दाखवून म्हणाले, ह्याच्या पोटात ती हिरवी धूळ असेल, ती भिंगातून दिसायची नाही. मग पेंढ्या बांधायची सुतळी माझ्या पुस्तकांच्या पिशवीत होती ती काढली. वैजयंती बोंबील, सोमेश जवळा, कुणी सुरमई, कुणी कासव, कुणी बगळा, कुणी देवमासा. देवमासा एवढा मोठा आणि खातो जवळ्यासारखं बारीक, हे सांगितल्यावर देवमासा झालेलं पोरगं जरा खट्टू झालं. कोण कुणाला खातं तशी सुतळी ह्याच्या हातातून त्याच्या हातात गेली. वर्गभर जाळं झालं. सुतळीचं शेवटचं टोक उरलं ते मी भुवीजवळ टेबलावर ठेवलं.

तिनं ते उचललं आणि ओढलं.

सगळ्या वर्गाचे हात हलले. कोपऱ्यातल्या कासवाचा हलला, दाराजवळच्या बगळ्याचा हलला. भुवी दचकली, मग परत ओढलं. परत सगळे हात हलले. ती खदाखदा हसायला लागली आणि तिच्याबरोबर पोरं. तेव्हाच मी दाराकडं बघितलं.

अत्ती उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. चेहरा उन्हानं लाल, डोक्यावर पदर, हातात भुवीची पिशवी. औषधाची बाटली आणि फडकं. सकाळी मी घरीच विसरले होते, मी, आणि मला कळलंही नव्हतं. तिनं फडकं भिजवून आणलं होतं. त्याचं पाणी पायरीवर ठिबकत होतं.

ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरून तिनं पिशवी आत सरकवली. पण गेली नाही. बशीकडं बघत होती.

"काय निगालं त्येच्या पोटात?" तिनं वैजयंतीला विचारलं.

"जवळा, आजी."

"आन जवळ्याच्या?"

वैजयंतीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "हिरवी धूळ असते अत्ती, पाण्यावर. वनस्पतीच. डोळ्यांना दिसत नाही एवढी बारीक. सगळ्या समुद्राचं पोट तिच्यावर."

"आन तिला कोन घालतं खायाला?"

"ऊन."

अत्तीनं मान वळवून मैदानाकडं बघितलं. झेंड्याच्या खांबाची सावली खांबाशीच गोळा झाली होती, माती पांढरी दिसत होती.

"ऊन तर हितं पोत्यानं हाय," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. मी पुस्तकात होतं ते सांगितलं, की जगात जेवढा प्राणवायू तयार होतो त्यातला जवळपास निम्मा ती समुद्रातली धूळ करते. तो इथवर येतो, वाऱ्याला शीव नसते. पोरांनी आपापला श्वास ओढून बघितला. त्यात काही वेगळं लागतं का ते. मीही ओढला. आत घेतला तो मिठाचा, सुकटीचा, घामाचा, खडूचा. ह्यातलं काही तिथून आलं असेल. मी समुद्र बघितला नव्हता, पण तो रोज माझ्या आत-बाहेर करत होता.

अत्ती निघून गेली. तास संपला. मी पोरांना सांगितलं नाही की हा शेवटचा. सुतळी गुंडाळली, बशी धुतली. वैजयंतीनं उरलेला जवळा कागदात बांधला. आणि सोमेशनं तो आपल्या कंपासपेटीत ठेवायला मागितला. आईला कळलं तर, मी म्हणाले. तो म्हणाला, एकच द्या, आई काय पेटी उघडत नाही.

घरी आले तर अंगणात, तुळशीच्या पलीकडं, दगडाशेजारी बादली भरून ठेवली होती. कुणाच्या मातीला जाऊन आलं की तिथं अंघोळ करून घरात यायचं, तो दगड. बोअरला पाणी येत नव्हतं, ही बादली तिनं हापशावरून आणली असणार. मी भुवीला खाली ठेवलं आणि साडीसकट दगडावर बसले. कुडातून शेजारीण डोकावत होती. मी मान खाली घातली.

पाणी डोक्यावर पडलं. मला वाटलं होतं मलाच घ्यावं लागेल, पण तांब्या अत्तीच्या हातात होता. ती सावकाश ओतत होती, मानेवर, पाठीवर, मग म्हणाली हात पुढं कर. तळहातांवर ओतलं. फोड बघितले.

"राशीवर गोमूत्र शिपडलंय," ती म्हणाली. "उद्या मळणीचं मिशन येतंय. ज्ञानबानं बाया लावून देतो म्हनलंय."

मी ओल्या पदराचं टोक पिळलं.

"शाळंतच काय ठिवायचं ती ठीव. खळ्यावर न्हाय. घरात न्हाय. तितनं आलीस की हितं बसायचं, मग लेकराला हात लावायचा." तिनं बादलीतलं उरलेलं पाणी माझ्या पायांवर उलटं केलं. "आन हिला उन्हातनं न्हिऊ नको शाळंत. हितंच ऱ्हाऊ दे माज्यापाशी."

मी वर बघितलं. ती भुवीला उचलून घेत होती.

साडी बदलून मी बाहेर आले तोवर भुवी तिच्या खांद्यावर झोपली होती. पडवीत अत्ती उभ्या उभ्या झुलत होती. ऊन कौलांतून पडवीत उतरलं होतं, त्यात ज्वारीचा भुसा तरंगत होता, बारीक, न थांबणारा. अत्ती त्याच्याकडं बघत होती. मग तिनं एक बोट उचललं आणि भुवीच्या नाकाशी धरलं. मला वाटत होतं, हे मी एकटीच करते.

"ह्यो स्वास बी?" तिनं विचारलं.

"निम्मा," मी म्हणाले.

तिनं बोट काढलं नाही.